दोष हाताचा की गाडीचा?

मैत्रिणींनो, ‘हात कच्चा आहे’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल! पोळीचा काठ जाड राहिला की हात कच्चा, लाडू वळताना फुटला की हात कच्चा. मी मात्र हे वाक्य स्वयंपाकघरात नव्हे, तर मोटारीत ऐकलं. एकदोनदा नव्हे, चांगलं दोन महिने ऐकलं. आणि खरं सांगते, मला ते पटलंही होतं. पुढे काय झालं तेच आज तुम्हांला सांगायचं आहे. तुमच्या दारात मोटार असो वा नसो, थोडा वेळ काढून वाचा.

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे. आताच्या मुलांना हे नाव सांगून कळत नाही, पण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की लगेच डोळ्यांपुढे येते ती हीच गाडी. इटलीच्या फियाट कंपनीचं हे मॉडेल आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. १९६४ साली ते ‘११०० डिलाइट’ या नावाने आलं, आणि पुढे सत्तरच्या दशकात त्याचं ‘पद्मिनी’ असं बारसं झालं. आमची गाडी १९८६ सालची, सायीच्या रंगाची. तेव्हा मोटारीसाठी नंबर लावून वाट बघावी लागे. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अशी वाट बघून ती घेतली. पुढे सलग बाकासारखी सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच लावलेला. घरातल्या प्रत्येक लग्नात नवरानवरी हिच्यातूनच घरी आली. मीसुद्धा!

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. ती बातमी अण्णांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, शस्त्रक्रिया होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. हे नोकरीनिमित्त रत्नागिरीला, पंधरा दिवसांनी घरी येतात. सासूबाईंचा गुडघा धरलेला, आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहीत आणि माझ्या स्कूटीवर त्यांना बसता येत नाही. राहता राहिले मी! लायसन्स माझ्याकडे लग्नाआधीचं आहे. अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली खरी, पण चेहरा असा, की जणू तिजोरीचीच देताहेत.

पहिल्या दिवशी अण्णा शेजारी बसले. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पोचेपर्यंत मला घाम फुटला. गाडी सारखी डावीकडे ओढायची. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं तर आधी काहीच होऊ नये, आणि मग एकदम गाडीने उजवीकडे तोंड वळवावं. पुन्हा मी डावीकडे. असं नागमोडी चालवत गेलो. एका एस.टी.च्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही! अण्णा म्हणाले, “सरळ धर. हात कच्चा आहे तुझा. सवय होईल.”

सवय काही होईना. ह्यांना फोनवर सांगितलं, तर हे म्हणाले, “जुन्या गाडीचा अंदाज यावा लागतो. अण्णा इतकी वर्षं चालवताहेत, त्यांना कधी त्रास नाही झाला.” मला वाटलं, बरोबरच आहे. आठवड्याला चार दिवस मी अर्धवेळ शिक्षिका म्हणून मराठी शिकवायला जाते, तिथे मुलांना ‘प्रयत्नांती परमेश्वर’ यावर निबंध लिहायला सांगते, आणि आपणच कसली तक्रार करायची? मी निमूट चालवत राहिले.

कार्तिकातल्या एका सोमवारी सासूबाईंना यवतेश्वरला दर्शनाला घेऊन गेले. चढताना ठीक झालं. उतरताना एका डाव्या वळणाला मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी क्षणभर सरळच गेली. क्षणभरच हो, पण घाटात क्षण म्हणजे किती अंतर असतं ते मला त्या दिवशी कळलं. समोरून जीप वर येत होती. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग आणखी ओढलं, गाडी एकदम डावीकडे वळली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारापाशी थांबली. जीप हॉर्न वाजवत निघून गेली. सासूबाईंच्या मांडीवरचा नारळ खाली गडगडला. आम्ही दोघीही बराच वेळ बोललो नाही. मग त्या म्हणाल्या, “घरी सांगू नकोस.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी चहा गाळताना सासूबाई आपणहूनच बोलू लागल्या. “मीही शिकले होते गं. १९८८ साली. चार दिवस चांगली चालवली. पाचव्या दिवशी फाटकाच्या खांबाला घासली. हे काही रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, तुझा हात कच्चा आहे. मी किल्ली खुंटीला लावली, ती लावलीच.” पस्तीस वर्षं झाली होती त्याला! मी या घरात आल्याला अकरा वर्षं होत आली, आणि ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती.

का कोण जाणे, त्या बोलण्याने माझ्या मनात निराळाच विचार आला. आदल्या दिवाळीत माहेरी भावाची गाडी मी चालवली होती. ती तर सुतासारखी सरळ गेली. हात तेच होते! मग निराळं काय होतं? गाडी. शाळेत विज्ञानाच्या बाई मुलांना सांगतात ना, की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, तसंच करायचं मी ठरवलं.

आधी पेट्रोल पंपावर जाऊन चारी चाकांची हवा तपासली. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी होती. पुढच्या दोन चाकांत हवा कमीजास्त असली, की कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते. हवा सारखी केल्यावर ओढणं थोडं कमी झालं, पण स्टिअरिंगचं उशिरा ऐकणं तसंच राहिलं. मग एक जुनं माहितीपुस्तक अण्णांच्या कपाटात सापडलं, त्यावरून मी एक परीक्षा घेतली. ती तुम्हीही घेऊ शकाल.

गाडी सपाट जागी उभी केली, चाकं सरळ, इंजिन बंद. सासूबाईंना खुर्ची देऊन पुढच्या चाकाजवळ बसवलं आणि टायरकडे बघत राहायला सांगितलं. मी आत बसले. स्टिअरिंग एका बोटाने हळूच डावीकडे नेलं, जिथे किंचित अडल्यासारखं लागलं तिथे थांबले. मग चाकाच्या वरच्या टोकाला, घड्याळात बारा असतात त्या जागी, माझ्या कपाळाची टिकली काढून चिकटवली. आता हळूहळू उजवीकडे फिरवायला लागले. “हललं का?” “नाही.” “आता?” “नाही गं, ढिम्म आहे.” टिकली एकच्या पुढे गेली. दोनपाशी पोचत आली तेव्हा सासूबाई ओरडल्या, “हललं!”

बाई गं! बारापासून दोनपर्यंत स्टिअरिंग नुसतंच फिरत होतं, चाकांना पत्ताच नव्हता. तुमच्या शिवणयंत्राचा पट्टा सैल झाला की चाक फिरतं आणि सुई जागची हलत नाही, अगदी तसं. या मोकळ्या फिरण्याला मेकॅनिक लोक ‘प्ले’ म्हणतात. थोडा प्ले जुन्या गाडीत असायचाच. पण किती? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या ९८ व्या नियमात मर्यादा सांगितली आहे : ३० अंशांपेक्षा जास्त नको. घड्याळाच्या एका तासाचं अंतर म्हणजेच ३० अंश. आमच्या गाडीचा प्ले जवळजवळ दुप्पट होता!

अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, “मला कधी जाणवलं नाही.” ते खोटं बोलत नव्हते, हे मला नंतर समजलं. असं ढिलेपण एका दिवसात येत नाही. वर्षानुवर्षं केसाकेसाने वाढतं, आणि रोज चालवणाऱ्याचा हात त्याच्याबरोबर शिकत जातो. अण्णांचे हात वळण येण्याआधीच स्टिअरिंग फिरवू लागत, त्यांच्या नकळत. घरातल्या दाराची कडी लागत नसली, की आपण दार जरा उचलून लावतो. पाहुण्याला ते जमत नाही आणि आपण म्हणतो, पाहुण्याला दार लावता येत नाही. तसंच झालं होतं.

जवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या मुलाने बॉनेट उघडलं, स्टिअरिंगच्या पेटीवरचा एक स्क्रू दोन वेढे आवळला आणि दहा मिनिटांत “झालं, ताई” म्हणाला. प्ले खरोखरच कमी झाला होता. मी खूश! पण राजवाड्यापाशी वळले आणि स्टिअरिंग वळवलं तसंच राहिलं. एरवी वळण संपलं की स्टिअरिंग आपणहून सरळ होऊ लागतं, हे होईना. मला ते जोर लावून सरळ करावं लागलं. म्हणजे आधी ते ऐकत नव्हतं, आणि आता सोडत नव्हतं!

तेव्हा अण्णांनीच तोंड उघडलं. म्हणाले, “जुने मिस्त्री अजून आहेत. त्यांना दाखवू.” हे मिस्त्री सत्तरीचे, उमेदीची सगळी वर्षं याच गाड्यांखाली गेलेली. त्यांनी आधी मला विचारलं, “काय होतं ते सांगा. चालवतं कोण?” मी म्हटलं, “मी.” तर ते अण्णांकडे न बघता माझ्याकडे बघूनच सगळं बोलले. तेवढ्यानेच मला निम्मं बरं वाटलं.

त्यांनी जॅक लावून पुढची चाकं उचलली आणि खाली भक्कम लाकडी ठोकळे दिले. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही हात घालू नये, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मीही तुम्हांला बजावते!) मग टायर वरून-खालून, म्हणजे बारावर आणि सहावर धरून हलवला. डावं चाक खटखट वाजलं. त्यांनी मला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवला. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. थांबली नाही, तर किंगपिनचा. थांबली नाही. किंगपिन म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावीकडे-उजवीकडे वळतं ती खुंटी. मग टायर दोन्ही बाजूंनी, नऊवर आणि तीनवर धरून हलवला. आता स्टिअरिंगचे दांडे जिथे एकमेकांना जोडलेले असतात ते सांधे नाचताना दिसले. मीसुद्धा वाकून पाहिलं.

त्यांनी मला समजावलं ते असं. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा खांबाच्या टोकाशी असलेल्या पेटीत एक आटे पाडलेला दांडा फिरतो, त्याने बाहेरचा एक हात हलतो आणि तो दांड्यांमार्फत दोन्ही चाकं वळवतो. ही पेटी उजवीकडे असते. डावीकडे तसाच एक आधाराचा हात असतो, त्याला ‘आयडलर’ म्हणतात. आमच्या आयडलरचं बुश झिजून पार गेलं होतं. जात्याचा खुंटा सैल झाला तर तुम्ही कितीही जोर लावा, निम्मा जोर खुंट्याच्या डुगडुगण्यातच जातो ना? त्यामुळे उजव्या चाकाला हुकूम लवकर पोचायचा, डाव्याला उशिरा. शिवाय टाय रॉडचे दोन सांधे ढिले झालेले. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं ढिलं, आणि सगळं मिळून बाराचे दोन!

“मग स्क्रू आवळला ते चूक का?” मी विचारलं. ते म्हणाले, “पेटी मधोमध जास्त झिजते, कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. मधला ढिलेपणा जाईपर्यंत आवळलं, तर कडेला, जिथे झीज नाही, तिथे ती आवळून बसते. शिवाय रोग सांध्यांत आणि औषध पेटीला!” त्यांनी तो स्क्रू पुन्हा सैल केला.

आणि डावा किंगपिन का झिजला, ते ऐकून तर मी थक्क झाले. किंगपिनला ग्रीस भरण्यासाठी एक बारीक तोंड असतं. काही वर्षांपूर्वी गाडीला खालून गंज लागू नये म्हणून काळा रंग मारून घेतला होता, त्यात ते तोंड बुजलं. तेव्हापासून दर वेळी ग्रीस भरलं जायचं, पैसे दिले जायचे, पण ते बाहेरच्या बाहेर पुसलं जायचं. आत एक थेंबही नाही. खुंटी कोरडी, म्हणून स्टिअरिंग जड. खुंटी झिजली, म्हणून चाक डगमगतं. रक्षण करायला गेलेल्या रंगानेच घात केला!

ह्यांना खर्चाचा आकडा फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे शांतता. मग म्हणाले, “एवढ्या जुन्या गाडीवर?” मी तोपर्यंत घाटातली गोष्ट त्यांना सांगितली नव्हती. ती सांगितली. पुन्हा शांतता. मग म्हणाले, “मला आधी का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “मला वाटलं, माझाच हात कच्चा आहे.” त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले.

सामान पुण्याच्या नाना पेठेतून आलं. किंगपिन आणि बुश दोन्ही बाजूंचे बदलले, आयडलरचं बुश, टाय रॉडचे सांधे नवे बसवले. पेटीत तेल कमी होतं, तेही भरलं. नट सुटू नयेत म्हणून त्यांतून आरपार घालतात त्या पिना मिस्त्रींनी नव्याच घेतल्या; जुनी वाकवलेली पिन पुन्हा वापरू नये, ती तुटते. आणि सगळ्यात शेवटी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. हा क्रम लक्षात ठेवा, बरं का! सांधे ढिले असताना अलाइनमेंट करणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. आज सरळ केलेलं चाक उद्या वाकडं.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी पुन्हा टिकली लावली. बारापासून जेमतेम पाव तासाएवढी हलली आणि सासूबाई म्हणाल्या, “हललं!” दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. पोवई नाक्यावरून गाडी सरळ, नीट, माझ्या बोटांचं ऐकत गेली. अण्णांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, ते काळा चष्मा लावून मागे बसले होते. बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, “गाडीचंच होतं म्हणायचं.” आमच्या अण्णांकडून याहून जास्त अपेक्षा करायची नसते. मी म्हटलं, “हो, अण्णा.” आरशात बघितलं, तर सासूबाई हसत होत्या.

आता एक प्रामाणिकपणे सांगते. १९८८ साली गाडी दोन वर्षांची होती. तेव्हा काही किंगपिन झिजलेला नसणार. म्हणजे सासूबाईंकडून खांबाला गाडी घासली, ती त्यांच्या हातूनच. मग तो हात कच्चा होता का? होताच! चार दिवसांचा हात कच्चा नसेल तर काय पक्का असेल? त्यावर उपाय सहावा दिवस हा होता. माझ्या बाबतीत दोष गाडीचा होता आणि त्यावर उपाय दुरुस्ती हा होता. पण दोघींना औषध एकच मिळालं : तेच एक वाक्य. आणि आम्ही दोघींनीही ते तपासून न बघता घेतलं, हे मला जास्त लागलं. त्या घाटात समोरची जीप जरा जोरात असती, तर तपासून बघायला मीही उरले नसते आणि त्याही.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं कराच. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा बघा. स्टिअरिंग उशिरा ऐकत असेल तर टिकली लावून बघा. (पॉवर स्टिअरिंगच्या नव्या गाडीत हीच परीक्षा गाडी न्यूट्रलला ठेवून, हँडब्रेक ओढून आणि इंजिन चालू करून घ्यायची.) अचानक जड झालं, वळणानंतर आपणहून सरळ होईनासं झालं, किंवा ठराविक वेगाला थरथरू लागलं, तर ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका. गॅरेजमध्ये गेलात, की कुठला भाग झिजला आहे तो डोळ्यांनी दाखवायला सांगा. जुनी गाडी असेल तर ग्रीस भरताना समोर उभ्या राहा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येतंय ना, ते बघा. बाहेर आलं तरच नवं आत गेलं.

आमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर ती टिकली अजून आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी परीक्षा घेतो. मात्र खुर्चीवर आता मी बसते. आत बसून स्टिअरिंग फिरवतात त्या सासूबाई. गुडघ्यामुळे गाडी चालवणं त्यांना आता जमायचं नाही, पण हात अगदी हलका आहे हो त्यांचा!